किती आणि कुठवर : सीमाभागातील भाषिक हक्कांचे मोजमाप

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र येतो, त्यांनी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी शाळांत आयुष्यभर गणित शिकवले. त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात की उत्तर बरोबर आले तरी पुढे एकक लिहिले नसेल, तर गुरुजी गुण देत नसत. नुसते पंधरा लिहून चालायचे नाही, पंधरा काय ते लिहायला हवे. आज मी जे बोलणार आहे ते याच शिस्तीबद्दल आहे. मात्र ही शिस्त मी वर्गातल्या गणिताला लावणार नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या रोजच्या हक्कांना लावणार आहे.

माझी उमेदीची वर्षे वकिलीत गेली. त्या काळात एक इंग्रजी शब्द रोज कानावर पडत असे : ‘एक्स्टेंट’. कोर्टात, सब-रजिस्ट्रार कचेरीत, तहसीलदारांच्या टेबलासमोर, सगळीकडे. ‘एक्स्टेंट किती?’ असे विचारले की जमीन किती ते सांगायचे. ‘तेवढ्या एक्स्टेंटपर्यंत दावा मान्य’ असा निकाल आला की मागितले त्यातले किती पदरात पडले ते समजायचे. जमिनीला लावला की या शब्दाचा अर्थ क्षेत्र होतो. अधिकाराला लावला की व्याप्ती होतो. तुलनेत आला की प्रमाण, आणि अडवायला आला की मर्यादा. मराठीत त्याला एकच शब्द नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. ‘किती’ आणि ‘कुठवर’ हे दोन प्रश्न एकदम विचारले की तो शब्द पुरता येतो.

राज्यघटनेच्या १३व्या अनुच्छेदात हा शब्द मोठ्या जबाबदारीने आलेला आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्द ठरतो, पण जितका विसंगत असेल तितकाच. सगळा कायदा पडत नाही, विसंगतीपुरता पडतो. म्हणजे हक्क आहे की नाही एवढे विचारून न्यायाचे काम संपत नाही. किती आहे आणि कुठवर आहे, हेही विचारावे लागते.

हा भाग कोणत्या राज्यात असावा, या सीमाप्रश्नाचा मूळ दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल, त्यावर मी आज बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते निकाल लागेपर्यंतच्या, आणि तो कसाही लागला तरी नंतरच्याही, रोजच्या जगण्याबद्दल. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या ज्या हक्काला माप जोडलेले आहे, त्याचा खरा धनी माप हातात असणारा होतो. एकक कोणते, मोजणार कोण, मोजणी कधी, हे तो ठरवतो. म्हणून हक्क मागताना मापही मागितले पाहिजे. आणि ज्या हक्काला माप जोडलेलेच नाही, तो टक्केवारीच्या भानगडीत न पडता आधी वापरला पाहिजे.

उताऱ्यावरचे क्षेत्र

सुरुवात जमिनीपासून करू, कारण मोजमाप आपल्याला तिथे सवयीचे आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर, गुंठा ही आपली जुनी भाषा. चाळीस गुंठ्यांचा एकर हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आता कर्नाटकातला पहाणी उतारा हातात घ्या. ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीची दप्तरे संगणकावर गेल्यापासून तो छापील मिळतो, आणि कन्नडमध्ये मिळतो. त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा झाला की क्षेत्राचा रकाना येतो. त्या रकान्यात चार ओळी असतात : एकूण क्षेत्र, ‘अ’ खराब, ‘ब’ खराब आणि उरलेले क्षेत्र.

समजा एकूण क्षेत्र २ एकर २० गुंठे आहे, ‘अ’ खराब २ गुंठे, ‘ब’ खराब ३ गुंठे. मग उरले २ एकर १५ गुंठे. इथे पाच गुंठे कमी झाले, एवढे पाहून भागत नाही. ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला निकामी जमीन : खडक, किंवा शेतकऱ्याचेच घर आणि खळे. ‘ब’ खराब म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा इतरांच्या वहिवाटीची जमीन : रस्ता, पायवाट, ओढा, तळे, मसणवटा. दोन्ही नावे सारखी, दोन्ही आकडे एकूण क्षेत्रातून वजा होतात, पण परिणाम अगदी वेगळे. पहिल्यात जमीन तुमचीच असते, पिकत नाही एवढेच. दुसऱ्यात लोकांचा हक्क बसलेला असतो. तिथे कुंपण घातले की भांडण उभे राहते.

एक शेतकरी मराठीत विचार करतो, मराठीत हिशेब करतो. त्याच्या हातात आलेल्या कागदावर त्याच्याच जमिनीचा ‘अ’ कुठला आणि ‘ब’ कुठला हे त्याला वाचता येत नाही. मग तो कुणाला तरी विचारतो, आणि विचारलेला माणूस सांगेल तेवढे त्याचे क्षेत्र होते. सीमाभागात मराठीतून कागद मिळावेत अशी मागणी होते, तेव्हा ती अस्मितेची मागणी आहे असे बाहेरच्यांना वाटते. अस्मिता त्यात आहेच, आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. पण आधी ती या चार ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता याव्यात म्हणून केलेली मागणी आहे.

घटनेतली मापे

आता घटनेकडे जाऊ. भाषेबद्दलच्या अनुच्छेदांचे मी दोन ढीग करतो. एका ढिगात माप नसलेले हक्क, दुसऱ्यात माप असलेले.

पहिल्या ढिगात २९वा अनुच्छेद आहे. आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. कोणत्याही गटाला, मग तो मोठा असो की लहान. त्यातच ३०वा अनुच्छेद : भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. त्यातच ३५०वा, ज्याची आपण फारच कमी दखल घेतली आहे. तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे प्रत्येक व्यक्तीला, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. प्रत्येक व्यक्तीला. तुमच्या गावात मराठी बोलणारे किती टक्के आहेत, हे तिथे कोणी विचारू शकत नाही. गावात मराठी बोलणारे तुम्ही एकटे असाल, तरी हक्क पुरा आहे.

दुसऱ्या ढिगात ३४७वा अनुच्छेद. राज्याच्या लोकसंख्येतल्या भरीव भागाची इच्छा आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तर त्या भाषेला संपूर्ण राज्यात किंवा एखाद्या भागात, ठराविक कामांपुरती, अधिकृत मान्यता देण्याचा निर्देश देता येतो. ‘भरीव’ म्हणजे किती, हे घटना सांगत नाही. त्यानंतर ३५०-क, जो १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी राज्य आणि स्थानिक संस्था प्रयत्नशील राहतील. यात मोजमापाच्या दोन जागा आहेत. सोयी ‘पुरेशा’ हव्यात, आणि त्या देण्याचा ‘प्रयत्न’ हवा. पुरेशा म्हणजे किती, प्रयत्न म्हणजे कुठवर, हे पुन्हा मोकळेच. राज्याला निर्देश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, हा या अनुच्छेदाचा कणा. पण तिथवर पोचायचे तर सोयी पुरेशा नाहीत हे कुणीतरी आकड्यांनी दाखवून द्यावे लागते.

ही मोकळी मापे भरण्यासाठीच ३५०-ख अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. १९५७ साली पहिले आयुक्त नेमले गेले. या आयुक्तालयाचे एक विभागीय कार्यालय बेळगावात आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. हा प्रश्न देशात कुठे जास्त दाटलेला आहे, हे दिल्लीला तेव्हाच ठाऊक होते.

टक्का कशाचा?

मोकळ्या शब्दांत आकडे भरण्याचे काम राज्य पुनर्रचना आयोगाने सुरू केले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. एका भाषेचे लोक सुमारे ७० टक्के किंवा अधिक असतील तर राज्य एकभाषी समजावे, आणि ३० टक्क्यांच्या आसपास भरीव अल्पसंख्या असेल तर प्रशासनापुरते ते द्विभाषी समजावे, असे त्याने सुचवले. हीच कसोटी जिल्ह्यालाही लावली. राज्यात अल्पसंख्य असलेल्या भाषेचे लोक एखाद्या जिल्ह्यात ७० टक्क्यांवर असतील, तर तिथे त्यांचीच भाषा प्रशासनाची असावी. केंद्र सरकारच्या १९५६च्या निवेदनाने ही दिशा स्वीकारली. महत्त्वाच्या सूचना आणि नियम अल्पसंख्याकांच्या भाषेतही काढण्यासाठी १५ ते २० टक्क्यांची मर्यादा पुढे आली, आणि त्यासाठी जिल्ह्याबरोबर नगरपालिका, तालुका अशा लहान घटकांचाही विचार झाला.

सत्तर, तीस, पंधरा. पण गुरुजी विचारतील, कशाचे? इथेच सगळी मेख आहे. टक्का हा अपूर्णांक असतो. अंशात मराठी माणसे असतात, ती मोजून होतात. छेदात कोण असावे, हे मात्र कुणीतरी ठरवायचे असते. निपाणी शहर घ्या. गावाचा छेद घेतला तर मराठीचे प्रमाण एक निघते, जुन्या चिकोडी तालुक्याचा घेतला तर त्याहून कमी, बेळगाव जिल्ह्याचा घेतला तर आणखी कमी, आणि कर्नाटक राज्याचा घेतला तर ते फारच लहान दिसते. माणसे तीच, घरे तीच, बोली तीच. आज निपाणी स्वतंत्र तालुका झाला आहे. हद्दीची एक रेघ हलली आणि कुणाच्याही तोंडची भाषा न बदलता प्रमाण बदलले.

याच छेदाने सीमाभागाचे भवितव्य घडवले आहे. चंदगड तालुका राज्य पुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. तालुका म्हणून मोजला तेव्हा तो निर्विवाद मराठी ठरला, आणि १ नोव्हेंबर १९५६ला कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आज बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलात की शिनोळीला तुम्ही महाराष्ट्रात असता. जिथे तालुका मिश्र होता, तिथे मात्र तालुका हेच एकक धरल्यामुळे त्यातली सलग मराठी गावे बुडाली. म्हणून महाराष्ट्राने खेडे हा घटक धरण्याचा आग्रह धरला, आणि त्याबरोबर भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी मध्यस्थी करताना ह. वि. पाटसकरांनी खेडे हाच घटक धरला होता, तेव्हा ही मागणी जगावेगळी नव्हती.

२५ ऑक्टोबर १९६६ला माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, आणि १९६७च्या ऑगस्टमध्ये त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राचा दावा ८१४ गावांचा होता. महाजनांनी निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली, २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याला सुचवली, आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवले. ८१४ आणि २६४. जनगणना तीच असताना एवढे अंतर पडले, ते मापे वेगळी होती म्हणून. आयोगाने सगळीकडे एकच कसोटी लावली नाही, हाच महाराष्ट्राचा मुख्य आक्षेप होता. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी त्या अहवालाची चिरफाड करणारे पुस्तकच लिहिले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तो जसाच्या तसा लागू करा म्हणत राहिले, आणि प्रत्यक्षात एकही गाव हलले नाही. निपाणी, खानापूर, नंदगड आयोगानेच महाराष्ट्राला सुचवली होती, तरी ती आजही कर्नाटकात आहेत.

आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. धान्य मोजताना पायली ठोकून भरायची की मोकळी, शीग ठेवायची की फळी फिरवायची, हे आधी ठरले नसेल तर कष्ट शेतकऱ्याचे आणि नफा मोजणाऱ्याचा. एकक आधी न ठरवता केलेली टक्केवारीही तशीच.

मोजायचे कधी?

छेदाइतकाच महत्त्वाचा काळ. प्राथमिक शाळेत मातृभाषेचा शिक्षक कधी द्यायचा, याचे माप १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले : शाळेत त्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील तर. माप स्पष्ट आहे, एकक स्पष्ट आहे. प्रश्न उरतो तो मुले मोजण्याच्या वेळेचा.

एका गावात मराठी शाळा आहे असे समजा. शिक्षक निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आले नाही. दोन वर्ग एकाच्या गळ्यात पडले. पालकांनी वाट पाहिली आणि मग मुले दुसरीकडे घातली, कुणी इंग्रजी माध्यमात, कुणी कन्नड शाळेत. पुढच्या वर्षी कुणीतरी पट मोजला आणि लिहिले, ‘मागणी नाही.’ हा निष्कर्ष खोटा आहे. मागणी होती तेव्हा सोय काढून घेतली, आणि सोय नसताना मागणी मोजली. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सोय काढल्यावर केलेली मोजणी मागणीचा आकडा देत नाही, सोय काढल्याचा परिणाम तेवढा दाखवते.

हे आपल्या धोरणकर्त्यांना सुचले नव्हते असे नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत आगाऊ नोंदणीची तरतूद आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी पालकांनी मातृभाषेच्या शिक्षणासाठी नाव नोंदवायचे, त्यासाठी वही ठेवायची, आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर शेजारच्या शाळांची जुळवणी करायची. तरतूद कागदावर आहे. ती वही तुमच्या शाळेत आहे का, हे तुम्ही विचारले पाहिजे.

इथे आपल्याला फार दूरच्या एका निकालाचा आधार मिळतो. कॅनडाच्या हक्कसनदेत अल्पसंख्याकांच्या भाषेतले शिक्षण ‘जिथे संख्या त्याला आधार देते तिथे’ द्यायचे, असे कलम २३ आहे. एडमंटनच्या फ्रेंचभाषी पालकांच्या माहे खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली या ‘संख्येचा’ अर्थ लावला. संख्या म्हणजे आज दारात उभे असलेले एवढेच नव्हेत, आणि कायद्याने पात्र असलेले सगळेही नव्हेत. सोय दिली तर तिचा खरोखर लाभ घेतील त्यांची संख्या या दोन टोकांच्या मध्ये असते. न्यायालयाने असेही म्हटले की हक्क ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच खणांत बसत नाही. संख्या थोडी तर थोडी सोय, जास्त तर शाळा, आणखी जास्त तर शाळेच्या कारभारात वाटा. प्रमाण वाढेल तशी व्याप्ती वाढते. आपल्या ‘पुरेशा’चा अर्थ लावताना हा विचार आपल्याही उपयोगाचा आहे.

दुसरे उदाहरण फिनलंडचे. तिथे फिनिश बहुसंख्य आणि स्वीडिश अल्पसंख्य. २००३चा भाषा कायदा सांगतो की अल्पसंख्याकांची संख्या ८ टक्के किंवा ३,००० असेल तर ती नगरपालिका द्विभाषी. एकदा द्विभाषी ठरली की ८च्या खाली आल्याबरोबर दर्जा जात नाही. संख्या ३,०००च्या खाली जावी लागते आणि प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली यावे लागते. नगरपालिकेची शिफारस असेल तर त्यानंतरही दर्जा टिकवता येतो. यादी दर १० वर्षांनी ठरते. या कायद्यात मला चार गोष्टी दिसतात. एकक लिहिलेले आहे : नगरपालिका. टक्क्याबरोबर माणसांचा आकडाही आहे, म्हणून मोठ्या शहरातला लहान समाज बुडत नाही. मोजणीचा काळ लिहिलेला आहे. आणि चढायची पायरी उंच व उतरायची खाली ठेवल्यामुळे चार-दोन घरे गाव सोडून गेली म्हणून कुणाचा हक्क हिरावला जात नाही.

आपल्याकडे आकडे येतात, पण उलट दिशेने. कर्नाटकाने २०२४ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकाने, कारखाने, संस्था यांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड असावे असे ठरवले. राज्याची भाषा फलकावर असावी, यात गैर काहीच नाही. महाराष्ट्रातही मराठी फलकांचा कायदा आहे, आणि तो आपण योग्यच मानतो. माझे म्हणणे वेगळे आहे. फलकासाठी एकक आहे, टक्का आहे, तपासणारा अधिकारी आहे. मराठी मुलाच्या ‘पुरेशा’ सोयीला कायद्यात असे एकक नाही, टक्का नाही, जागेवर तपासणारा नाही. फलकावरच्या अक्षरांचे प्रमाण जितक्या काटेकोरपणे लिहिता येते, तितक्याच काटेकोरपणे वर्गातल्या शिक्षकांचे प्रमाणही लिहिता येईल.

हे माप दोन्ही बाजूंना लागू आहे

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारी गावे आहेत. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या कन्नड पालकाने शिक्षक नाही म्हणून तक्रार केली तर महाराष्ट्राने त्याला कोणते माप लावावे? बेळगावच्या मराठी पालकासाठी आपण जे मागतो, तेच. खेडे हा घटक आपल्याला हवा असेल तर तो तिथेही असावा. पट मोजण्याआधी सोय द्या असे आपण म्हणत असू, तर तेही तिथे लागू असावे. ‘टी. एम. ए. पै’ खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितले की भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हे एकक धरून ठरवायचे. त्या हिशेबाने बेळगावचा मराठी आणि अक्कलकोटचा कन्नड एकाच खणात बसतात. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो तो आपल्या राज्यातल्या कन्नड माणसाला नाकारला, तर कोर्टात आणि लोकांत आपली बाजू लंगडी पडेल. त्याला तो दिला, तर आपल्या मागणीला वजन येईल.

मातृभाषेच्या व्याप्तीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करतो. गोकाक समितीच्या अहवालानंतर कर्नाटकाने कन्नडला शाळांत जी सक्तीची जागा दिली, तिच्याविरुद्ध जून १९८६च्या आंदोलनात आपली माणसे गोळीबारात गेली. हिंडलग्याचे स्मारक त्यांचे आहे. पुढे १९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पहिल्या इयत्तेपासूनची ती सक्ती रद्द केली. नंतर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती आणि त्याने कोणत्या माध्यमात शिकावे हे ठरवणे पालकांकडे आहे, आणि ३५०-क अनुच्छेदाच्या जोरावर राज्याला मातृभाषेचे माध्यम लादता येत नाही. ही स्वातंत्र्याची व्याप्ती आहे, आणि तिच्यासोबत जबाबदारीही आली आहे. मराठी शाळेचा पट आता कुणाच्या हुकमाने भरणार नाही. तो आपल्या निर्णयाने भरेल किंवा रिकामा राहील.

आपल्या हातातले

शेवटी आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. प्रगणक तुमच्या दारात मातृभाषा विचारेल. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या ठरलेली आहे : लहानपणी आईने जी भाषा त्या व्यक्तीशी बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली गेलेली. मूल इंग्रजी शाळेत जाते म्हणून त्याची मातृभाषा इंग्रजी होत नाही. कचेरीत कन्नड चांगले चालते म्हणून ती कन्नड होत नाही. सून कन्नड घरातून आली असेल तर तिची मातृभाषा कन्नडच लिहावी, ते तिचे सत्य आहे. तिच्या मुलांशी ती कोणती भाषा बोलली, ते मुलांचे सत्य. जे खरे आहे ते सांगा, आणि प्रगणकाने काय लिहिले ते वाचून पाहा. येणाऱ्या कित्येक वर्षांचे अंश त्या एका रकान्यातून येणार आहेत.

दुसरे, मराठी शाळा असलेल्या प्रत्येक गावात आगाऊ नोंदणीची वही मागा. नसेल तर लेखी मागा. गावातले जाणते लोक, बचत गटांतल्या बायका, तरुण मंडळे यांनी मिळून दाखल होण्याच्या वयाच्या मुलांची यादी करावी, पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि ती मुदतीआधी शिक्षण खात्याकडे द्यावी. चाळीस आणि दहा हे आकडे तोंडपाठ ठेवा. एका गावात आठच मुले असतील तर शेजारच्या दोन गावांची यादी जोडा आणि जुळवणीची मागणी करा.

तिसरे, निवेदने मराठीत द्या. अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीचा आहे, हे मी मघाशी सांगितले. उताऱ्यावरचे ‘अ’ खराब ‘ब’ झाले असेल, शिधापत्रिकेत नाव चुकले असेल, शाळेला शिक्षक नसेल, तर तक्रार स्वच्छ, नम्र मराठीत लिहा, कलमाचा उल्लेख करा, पोच घ्या आणि प्रत जपून ठेवा. कन्नडही शिका. शेजाऱ्याची भाषा येणे हा मोठेपणा आहे, आणि स्वतःचा उतारा स्वतः वाचता येतो, तो फायदा वेगळाच. पण कन्नड शिकल्याने मराठीत तक्रार देण्याचा हक्क संपत नाही.

आणि चौथे, टक्का ऐकला की विचारा : कशाचा, कुणी मोजला, कधी मोजला. हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारा, नगरपालिकेत विचारा, आमदारांना आणि खासदारांना विचारा, आयुक्तालयाच्या अहवालांनाही विचारा. माझी मागणी अशी आहे की भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयींसाठी कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी एकच नियम लिहावा. त्यात खेडे आणि नगरपालिका हे घटक असावेत. टक्क्याबरोबर माणसांचा किमान आकडा असावा. मोजणीचा काळ ठरलेला असावा. आणि एकदा दिलेली सोय काढण्याची पायरी ती देण्याच्या पायरीपेक्षा बरीच खाली असावी. या मागणीसाठी सीमा हलवावी लागत नाही आणि कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत ती पुढच्या अधिवेशनातही मांडता येईल. निपाणीच्या, खानापूरच्या, अक्कलकोटच्या आणि जतच्या मुलांना त्याच नियमाने शिक्षक मिळू दे. तो नियम लिहून घेण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून कामाला लागू या.